काचकाम शिकायचंय? माप घेण्यापासून लांबी (काच पक्की करायची पुट्टी) भरेपर्यंत सगळं सविस्तर

काचेच्या दुकानात कामाला लागलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून कटर हातात हवा असतो. सर्रकन रेघ मारायची, टेबलाच्या कडेवर घेऊन कटकन तोडायची, बघायला भारीच वाटतं ना. पण खरं सांगायचं तर सरळ कटिंगला पंधरा-वीस दिवसांत कुणाचाही हात बसतो. या धंद्यात पैसे बुडतात ते मापात. लाकूड मोठं झालं तर रंधा मारून कमी करता येतं, काच दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोठी झाली तर पुन्हा कापताना फुटायची भीती, दोन सूत छोटी झाली तर फ्रेममध्ये खुळखुळते, आणि टफन (तापवून मजबूत केलेली, नंतर कापता न येणारी) असेल तर विषयच संपला, ती थेट भंगारात. म्हणून या लेखात कटिंगपेक्षा मापाबद्दल जास्त लिहिलंय, कुणाला बोअर झालं तरी चालेल.

शिकायचं कुठे

आपल्याकडचे बहुतेक काचवाले दुकानातच शिकलेत. जर्मनीसारख्या देशात ग्लेझर व्हायला रीतसर तीन वर्षांचं शिक्षण असतं, परीक्षा असते, आपल्याकडे मिस्त्रीच्या हाताखाली हेल्पर म्हणून राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे, हाच कोर्स. तरीपण आयटीआय फुकट जात नाही. कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे, फिटर दोन वर्षांचा, यातलं काहीही केलेलं असलं की गुण्या, लेव्हल, ओळंबा, एमएम आणि सूत हे सगळं आधीच माहीत असतं, आणि अशा पोराला दुकानदार लवकर साइटवर पाठवतो.

दुकान निवडताना बघा की तिथे फक्त काच विकतात की बसवतात पण. नुसतं विकणाऱ्या दुकानात तुम्ही कटिंग शिकाल, फिटिंग नाही. जिथे काच, आरसा, फोटोफ्रेम आणि ॲल्युमिनियम स्लायडिंग एकाच छताखाली चालतं तिथे वर्षभरात सगळं नजरेखालून जातं. पुढे मग फाटे फुटतात. कुणी फॅब्रिकेशनमध्ये जातं, कुणी मोठ्या बिल्डिंगच्या फसाडला, म्हणजे बाहेरच्या काचेच्या भिंतीच्या कामाला (तिथे पैसा बरा, पण हार्नेस लावून लटकायची तयारी पाहिजे), कुणी टफनिंगच्या प्लांटमध्ये मशीनवर. गाडीची काच बसवणं हा वेगळाच धंदा आहे, तिथलं पीयू ॲडहेसिव्ह आणि तिथली पद्धत या लेखात घेत नाही.

पहिले काही महिने काम काय असतं? शीट उतरवणं, पुसणं, कटपीस जाडीप्रमाणे लावणं, लांबी मळणं. यातलं कटपीस लावणं कंटाळवाणं असलं तरी मन लावून करा, त्यातूनच हाताला नुसती कड लागली तरी ४ एमएम की ५ हे कळायला लागतं. मग फोटोफ्रेमच्या २ एमएम काचा कापायला मिळतात. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत फ्रेमचं काम भरपूर येतं, हात बसवायला त्यासारखी प्रॅक्टिस नाही.

आधी काच ओळखा

प्लेन काच म्हणजे आजच्या घडीला फ्लोट. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करायची ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, आपल्याकडे नव्वदच्या दशकात अंकलेश्वर आणि तळोजाला असे प्लांट आले. त्याआधीची काच ओढून काढलेली असायची, म्हणून पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या खिडकीतून बाहेर बघितलं की समोरची भिंत जरा लाटालाटांची दिसते. अशा खिडकीतली एकच काच फुटली तर मालकाला आधीच सांगून ठेवा की नवीन काच शेजारच्यांशी मॅच होणार नाही, नाहीतर बसवून झाल्यावर तुमच्यावरच खापर फुटेल. आणि जुनी काच कापायची वेळ आली तर जपून, जाडी सगळीकडे सारखी नसते, रेघ सोडून भलतीकडेच तडकते.

जाडी सहसा अशी वापरतात: लाकडी खिडकीच्या छोट्या तावदानाला ४, स्लायडिंगला ५, पल्ला मोठा असेल तर ६, टेबलटॉप ८ ते १२, काचेचा दरवाजा १२ टफन. बाथरूमला पिनहेड (बारीक ठिपक्यांची) किंवा फ्रॉस्टेड (धुरकट). उंच मजला, जोराचा वारा, समुद्रकिनारा असेल तर एक नंबर जाडी वाढवा, कस्टमर कुरकुरला तरी.

वजनाचा हिशोब पाठच करून टाका. एक चौरस मीटर काच एका एमएमला अडीच किलो भरते. फुटात करायचं तर स्क्वेअर फूट गुणिले एमएम गुणिले ०.२३२. म्हणजे ४ बाय ६ फुटाचा ५ एमएमचा आरसा जवळपास २८ किलो, आणि ७ बाय ३ फुटाचा १२ एमएमचा दरवाजा ५८-५९ किलो. हा आकडा साइटवर जायच्या आधी काढायचा, किती माणसं न्यायची आणि दरवाज्याला कुठला फ्लोअर स्प्रिंग (दरवाजा आपोआप बंद करणारं जमिनीतलं यंत्र) लावायचा हे त्यावरच ठरतं.

माप घेणं

आता मुद्द्याचं. चौकट कधीच सरळ नसते हे गृहीत धरूनच टेप काढायचा. रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंची पण तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्हीतलं सगळ्यात छोटं माप धरायचं. समजा लाकडी खिडकीची खाच वर १८ इंच ३ सूत आली, मध्ये १८ इंच २ सूत, खाली पण १८ इंच २ सूत. तर धरायचं १८ इंच २ सूत, आणि त्यातून एक सूत वजा, काच कापायची १८ इंच १ सूत. हे एक सूत (आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे सूत साधारण ३ एमएमचा) दोन्ही बाजू मिळून सोडायचं, प्रत्येक बाजूला दीडेक एमएम. लाकूड पावसाळ्यात फुगतं, ही जागा त्याच्यासाठी. काच टाइट बसवली की जुलैमध्ये कोपऱ्यातून चीर निघते आणि फोन तुम्हालाच येतो.

त्यानंतर कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. दोन-तीन सुतांचा फरक असेल तर चौकोनी काच एका कोपऱ्यात अडणार, मग एक तर पुठ्ठ्याचा फर्मा कापून आणा, नाहीतर खाच तासा. मोठ्या फरकाला फर्माच बरा.

काही गोष्टी शिस्त म्हणून अंगी लावून घ्या. टेप एकच वापरा, साइटवर एक आणि दुकानात दुसरा असं नको, टेपच्या टोकाचा हूक ढिला झाला की दोन टेपांत सहज एक एमएमचा घोळ होतो. माप लिहिताना कायम आधी रुंदी, मग उंची. डिझाइनची किंवा रिब्ड काच असेल तर रेषा उभ्या की आडव्या हे तिथल्या तिथे बाण काढून लिहायचं. इंच आणि एमएम एकाच चिठ्ठीवर मिसळायचे नाहीत. आणि जुनी काच फुटली असेल तर तिच्या तुकड्यांवरून माप घेऊ नका, आधीच्या माणसाने चुकीची बसवली असेल म्हणूनच ती फुटली असं बऱ्याचदा निघतं.

दुकानाचं बिल स्क्वेअर फुटावर असतं आणि माप बिलात वरच्या टप्प्याला राऊंड होतं, कुठे तीन इंचांच्या, कुठे सहा इंचांच्या. हे कस्टमरला आधीच सांगा, म्हणजे नंतर "माझी खिडकी तर एवढीशीच आहे" हा वाद होत नाही.

कटिंग

टेबल सपाट हवं, वर जुनं कार्पेट किंवा फेल्ट, आणि त्यावर काचेचा कचरा अजिबात नको. एक बारीक खडा खाली राहिला तरी काच रेघ सोडून तडकते. काच पुसून घ्या, विशेषतः जिथे रेघ मारायची तिथे, धूळ असेल तर चाक उडतं आणि रेघ तुटक येते.

कटर कुठला? जुने मिस्त्री हिऱ्याच्या कलमीवर शिकलेत, आता सगळे ऑइल कटर वापरतात, टोयो कंपनीचा घेतला तर वर्षानुवर्षं चालतो. तेल नसेल तर चाक रॉकेलमध्ये बुडवून घेतलं तरी चालतं. १० एमएमच्या पुढच्या काचेला जाड काचेचं वेगळं चाक येतं, पातळ काचेच्या चाकाने जोर लावून काम भागवायचा प्रयत्न करू नका.

पट्टी ठेवताना कटरच्या डोक्याची जाडी धरायची, चाक पट्टीपासून साधारण दोन-अडीच एमएम लांब चालतं. प्रत्येक कटरचं थोडं वेगळं असतं, कटपीसवर एक रेघ मारून आपल्या कटरचं अंतर मोजून ठेवा. मग पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे, एका दमात, कटर सरळ उभा धरून, सारख्या दाबाने. आवाज ऐका. बारीक, सलग सर्र आवाज आला तर रेघ बरोबर. करकर आवाज येऊन पांढरा भुगा उडायला लागला तर दाब जास्त झालाय. चांगली रेघ केसासारखी बारीक दिसते, पांढरी जाड रेघ म्हणजे काच चिरडली, ती वेडीवाकडीच तुटणार.

आणि एकदा मारलेल्या रेघेवर दुसऱ्यांदा कटर फिरवायचा नाही, कधीच नाही. चाकाचा बट्ट्याबोळ होतो आणि काच पण जाते. रेघ मारली की लगेच तोडायची, चहा पिऊन आल्यावर नाही. रेघेची चीर ताजी असताना सरळ धावते. टेबलाच्या कडेवर रेघ आणून दोन्ही हातांनी झटका द्या, किंवा रेघेच्या टोकाखाली आगकाडी ठेवून दोन्ही बाजूंनी अलगद दाबा. एक-दोन सुताची बारीक पट्टी काढायची असेल तर पकडीने तोडा, आणि शक्यतो असं मापच येऊ देऊ नका, शीटची मांडणी आधी कागदावर करा म्हणजे शेवटी पट्टी उरली तर निदान तीन-चार इंचांची उरेल, ती बाथरूमच्या लूव्हरला (आडव्या पट्ट्यांच्या खिडकीला) जाते.

गोल कापायचा असेल तर गोल कटरने रेघ मारून मग गोलापासून बाहेर कडेपर्यंत चार-सहा सरळ रेघा मारायच्या आणि एकेक तुकडा काढायचा. अख्खा गोल एका झटक्यात निघत नाही.

कापल्यावर कड मारायची, खरखरीत दगडाने पाणी लावून दोन्ही बाजूंची धार मोडायची. फ्रेममध्ये लपणाऱ्या काचेची पण मारा, धारदार कडेवरचा बारीक टवका हीच पुढच्या तडकेची सुरुवात असते. उघडी राहणारी कड, म्हणजे टेबलटॉप, शेल्फ, मशीन पॉलिशला द्यायची, हाताने ते फिनिशिंग येत नाही.

उचलणं आणि ठेवणं

काच कायम उभी न्यायची, आडवी धरली की स्वतःच्या वजनाने वाकून मधूनच तुटते. कटप्रूफ ग्लोव्ह्ज, मनगटापर्यंत गार्ड, बंद बूट. चपलेवर काम करणारे मिस्त्री भरपूर दिसतील, त्यांचे पाय पण बघून घ्या. मोठ्या काचेला सक्शन (काचेला चिकटणारं रबरी कपाचं हँडल) लावा, पण आधी काच आणि रबर दोन्ही पुसून, ओल्या किंवा धुळीच्या काचेवर सक्शन दगा देतं. आणि काच हातातून सुटली तर सुटू द्या, मागे सरका, पकडायला जाऊ नका. हे नवीन पोराला रोज सांगावं लागतं कारण हात आपोआप पुढे जातो.

शीट भिंतीला थोड्या तिरक्या, खाली लाकडाच्या पट्ट्या, मध्ये कागद. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दोन शीटच्या मध्ये ओल शिरली की काचेवर इंद्रधनुष्यासारखे डाग धरतात आणि मग ते कशानेच जात नाहीत, ॲसिडने पुसा नाहीतर आणखी कशाने. कागद घालायला पाच मिनिटं लागतात.

लाकडी खिडकीचं तावदान बदलणं

हे काम कमी होत चाललंय, पण हाताची खरी परीक्षा इथेच. फुटलेल्या काचेवर आधी चिकटपट्टी फुलीसारखी लावा, गॉगल घाला, आणि वरच्या बाजूने तुकडे काढत खाली या. जुनी लांबी दगडासारखी झालेली असते, ती पटाशीने हळूहळू काढायची, चौकटीचं लाकूड उकरू नका. जुन्या चुका (बारीक खिळे) पकडीने उपटा. खाच रिकामी झाली की ब्रशने साफ करून आत प्रायमर किंवा पातळ ऑइल पेंटचा हात मारा आणि सुकू द्या. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत, आणि मग कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, दोन उन्हाळ्यांत लांबी तडकून गळून पडते.

लांबी म्हणजे खडूची पावडर आणि अळशीचं तेल. चपातीच्या कणकेसारखी मळायची, बोटाला चिकटत असेल तर पावडर, तडे जात असतील तर तेल. खाचेत आधी पातळ थर द्या, त्यावर काच बसवा आणि कडांवर दाबा, मध्ये अजिबात नाही. काच बसली की आठ-नऊ इंचांवर एक अशा बारीक चुका मारा, हातोडी काचेवरून सरकवत, उचलून नाही. मग बाहेरून लांबी भरून पटाशीने तिरकी ओढायची, असा उतार की पाणी थांबायला नको, आणि आतून बघितलं तर लांबी चौकटीच्या वर दिसायला नको.

रंग लगेच नाही. लांबीवर साय धरायला आठवडा-दोन आठवडे जातात. रंग मारताना तो काचेवर एक-दोन एमएम चढवायचा, ती बारीक पट्टी पाणी अडवते. पेंटरला हे सांगून जा, तो बिचारा काच स्वच्छ ठेवायच्या नादात नेमकी तीच खरवडून टाकतो.

स्लायडिंगची काच

शटर वर उचला, खालची बाजू ट्रॅकमधून बाहेर घ्या, काढून आडवं ठेवा. कोपऱ्याचे स्क्रू सोडून रबरी हातोडीने उभा सेक्शन मोकळा करायचा, काच रबरासकट सरकते. नवीन काचेला रबर गुंडाळताना ताणायचं नाही, उलट जरा सैल, किंचित जास्तच ठेवायचं. ताणून लावलेलं रबर महिन्याभरात आकसतं आणि कोपरे उघडे पडतात, पावसाचं पाणी तिथूनच येतं.

शटर बाहेर काढलंच आहे तर खालचे बेअरिंग बघून घ्या, झिजले असतील तर आत्ताच बदला. आणि खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात ती पाणी जायला ठेवलेली असतात. गळती थांबवायची म्हणून सिलिकॉनने ही भोकं बुजवून टाकणारे महाभाग मी भरपूर बघितलेत, मग ट्रॅक भरतो आणि पाणी हॉलमध्ये. भोकं तारेने मोकळी करा, निम्म्या गळतीच्या तक्रारी तिथेच मिटतात.

फिक्स काच बसवताना तिला थेट ॲल्युमिनियमवर टेकवू नका. खाली दोन रबरी पॅकिंग, प्रत्येक कोपऱ्यापासून रुंदीच्या पाव भागावर.

सिलिकॉन आणि आरसा

सिलिकॉन दोन प्रकारचं. एकाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते ॲसेटिक, काच-काच जोडायला, फिशटँकला ठीक. दुसरं न्यूट्रल, थोडं महाग. आरशाच्या मागे, संगमरवरावर, लॅमिनेटेड काचेच्या कडेला न्यूट्रलच लावायचं. आंबट वासाचं सिलिकॉन आरशाच्या मागचा रंग आणि चांदीचा थर खातं, चार-सहा महिन्यांत समोरून काळे डाग दिसायला लागतात आणि कस्टमर म्हणतो आरसाच डुप्लिकेट होता.

आरसा भिंतीवर लावताना भिंत कोरडी आणि रंग घट्ट हवा, चुन्याच्या किंवा पोपडे आलेल्या भिंतीला चिकटवलेला आरसा भिंतीचा पोपडाच घेऊन खाली येतो. मोठ्या आरशाला खाली ॲल्युमिनियमची पट्टी किंवा क्लिप द्याच, नुसत्या डबल टेपवर २८ किलो सोडायचे नाहीत. सिलिकॉन उभ्या ओळींत लावा, गोल गोल ठिपक्यांत नाही, म्हणजे मागे हवा खेळते. बाथरूममध्ये आरशाची खालची कड प्लॅटफॉर्मवर टेकवू नका, पाणी चढून तिथूनच काळी पडते.

सिलिकॉन दिवसाला दोन-तीन एमएमच आत सुकतं, म्हणून जाड जोड आतपर्यंत सुकेपर्यंत त्याला हात लावू नका, बाथरूम असेल तर शॉवर पण नाही.

टफन आणि लॅमिनेटेड

टफन काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात, त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते आणि फुटली तर बारीक बोथट दाणे होतात. पण एकदा टफन झाली की कापणं, होल, खाच, काहीच नाही. म्हणून आधी हार्डवेअर हातात घ्या, हँडल, बिजागरी, लॉक, आणि मगच होलची ड्रॉइंग बनवा, कॅटलॉग बघून नाही. होलचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको, आणि होलची कड काचेच्या कडेपासून निदान जाडीच्या दुप्पट अंतरावर हवी, कोपऱ्याजवळ तर आणखी लांब.

कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का बघा, सेफ्टी काचेचं भारतीय मानक आयएस २५५३ आहे. शंका आली तर पोलराइज्ड गॉगल घालून उन्हात बघा, टफन काचेत ठिपके किंवा पट्टे दिसतात, साधीत नाही. टफन काच क्वचित काही न होता आपोआप पण फुटते, आत निकेल सल्फाइडचा कण राहिलेला असतो, म्हणून उंचावरच्या कामाला हीट सोक केलेली (प्लांटमध्येच पुन्हा तापवून तपासलेली) मागतात.

बाल्कनीचं रेलिंग, डोक्यावरचं छत, जिन्याची बाजू इथे नुसतं टफन नको, लॅमिनेटेड लावा. मध्ये पीव्हीबीची फिल्म असते, काच फुटली तरी जागेवर राहते. टफनचे दाणे बोथट असले तरी सातव्या मजल्यावरून गठ्ठाच्या गठ्ठा खाली आला तर बोथटपणाचा काही उपयोग नाही. कस्टमर स्वस्ताच्या मागे लागला तर हे काम सोडून द्या, खरंच.

टफनची ऑर्डर देताना ॲडव्हान्स पूर्ण घ्या आणि मापाच्या कागदावर कस्टमरची किंवा साइट इंजिनिअरची सही घ्या, टाइल्स आणि प्लास्टर पूर्ण झाल्यावरच्या मापावर. टाइल्सच्या आधी घेतलेलं शॉवर पार्टिशनचं माप म्हणजे हमखास दुसरी काच. सुपरवायझर म्हणेल "टाइल अमुक इतकी येणार, तेवढं वजा करा", तर हसून हो म्हणा आणि टाइल लागल्यावर टेप घेऊन परत जा.